नाकाला भोक नको

मास्तरांची गाडी गॅरेजात आली की ताई आधी हात धुऊन घ्यायची. बाकीच्या गाड्यांचं काम झाल्यावर हात धुवायचे, या गाडीचं मात्र कामाआधी. दोन माणसांपुरती, जमिनीला टेकल्यासारखी बसकी, लांब नाकाची, गर्द हिरवी स्पोर्ट्स कार होती ती. मास्तरांनी तरुणपणी भंगारातून उचलून आणली आणि उभा जन्म तिच्यापायी घालवला. शाळेत भूमिती शिकवली, लग्न केलं नाही. का केलं नाही असं कोणी विचारलंच, तर उत्तराऐवजी रुमाल काढून गाडीची काच पुसायला लागायचे.

त्या गाडीच्या नाकावर मास्तरांचा फार जीव. बंपर नाही, पट्टी नाही, साधा एक स्क्रूसुद्धा नाही. नुसता सलग पत्रा, दिव्यांच्या मधून खाली वळत गेलेला. गाडी बनवणाऱ्याने पुढे नंबरप्लेट लावायची सोयच ठेवली नव्हती आणि मास्तरांनीही ती कधी करून घेतली नव्हती. चौकातले पोलीस गाडी अडवायचे, डोळे भरून बघून घ्यायचे आणि सोडून द्यायचे. इतकी वर्षं असं निभावून गेलं.

मग घाटापलीकडच्या तपासणी कार्यालयात नवा साहेब आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि पुढे प्लेट का नाही म्हणून विचारलं. मास्तर सौंदर्याबद्दल काहीतरी बोलू लागले, तर साहेबाने नियम वाचून दाखवला. प्लेट पुढेही हवी, बोल्टने आवळलेली हवी, चिकटपट्टी आणि चुंबक चालणार नाही. दिलेल्या मुदतीत गाडी पास झाली नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे रस्ता कायमचा बंद. मास्तरांनी ही गोष्ट पोटात ठेवून मुदत संपत आणली. शेवटच्या दिवशी सकाळी ते प्लेट बगलेत मारून गॅरेजच्या दारात उभे राहिले.

"पोरी, ही लावून दे," ते म्हणाले. "पण नाकाला भोक नको."

ताईला सगळेच ताई म्हणायचे, तिच्या आजोबांच्या वयाचे ट्रकवालेसुद्धा. गॅरेज खरं तर तिच्या भावाला मिळायचं होतं, पण भावाला ग्रीसच्या वासाने मळमळायचं. तो कॉम्प्युटरच्या मागे लागून लांबच्या शहरात निघून गेला. ही लहानपणी वडिलांचा डबा घेऊन यायची आणि डबा रिकामा झाला तरी हलायची नाही. पुढे रीतसर शिकली. वर्गात एकटीच मुलगी, म्हणून तिथले शिक्षक तिला वह्या नीट ठेवायचं काम द्यायचे आणि इंजिन उघडायचं काम मुलांना. तिने दोन्ही केलं. लग्न झालं, नवरा बँकेत. तिच्या हाताला येणारा रॉकेलचा वास आपल्याला आवडतो असं तो सांगायचा. खरंखोटं तोच जाणे. वडिलांचे गुडघे गेले तेव्हा परवाना तिच्या नावावर झाला आणि ती मालकीण झाली.

मालकीण झाली ती कागदावर. गाडी न्यायला आलेलं गिऱ्हाईक किल्ली हातात घेण्याआधी न चुकता एक प्रश्न विचारायचं, "आप्पांनी बघितलं ना एकदा?"

आप्पा म्हणजे तिचे वडील. अबोल माणूस, पण हातांना स्वस्थता नाही. ताईने एखादा नट आवळून पाठ फिरवली की हे चपला घासत यायचे, पाना लावायचे, नट जागचा हलत नाही अशी खात्री करून घ्यायचे आणि "हं" म्हणायचे. गिऱ्हाइकाला त्या "हं"ने हायसं वाटायचं. ताईच्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा. चूक सापडली असती तर एक वेळ परवडलं असतं. चूक कधी सापडायची नाही आणि तपासणी कधी थांबायची नाही. मागच्या महिन्यात तिने अख्खं इंजिन उतरवून पुन्हा बसवलं आणि गाडीमालकाच्या देखत आप्पा पाना घेऊन आत वाकले. त्या दिवशी गॅरेज बंद करताना तिने किल्ली त्यांच्यापुढे धरली.

"आप्पा, उद्यापासून माझ्या कामाला हात लावायचा नाही. बघायचंसुद्धा नाही. जमणार नसेल तर ही किल्ली घ्या, मी चालले."

आप्पांनी किल्लीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि "बरं" म्हणाले. एवढंच. तेव्हापासून ते दाराजवळच्या बाकावर बसून राहायचे. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले, जणू मोकळे सोडले तर ते आपले आपण उठून कामाला लागतील. ताई जिंकली होती, पण जिंकल्याचं सुख तिला काही लागत नव्हतं. बाकाकडे पाठ करूनच ती काम करायची आणि तरी तिला पाठीवर ते डोळे जाणवायचे.

तर त्या सकाळी मास्तरांचं काम निघालं. ताईने गाडीखाली आडवं होऊन बघितलं आणि तोड काढली. नाकाच्या मागे, खालच्या अंगाला, गाडीच्या सांगाड्याचा एक आडवा लोखंडी बार जात होता. त्याला खालून दोन भोकं पाडायची, वाकवलेली जाड पट्टी बोल्टने जोडायची आणि त्या पट्टीवर प्लेट अशी लटकवायची की ती नाकाच्या खालून पुढे डोकावेल. नाकाला स्पर्शसुद्धा होणार नव्हता. मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी लगेच खिशातून ओळंबा काढला, प्लेट सरळ उभी राहील की कलेल ते तपासायला. असा माणूस होता तो. तपासणीला जाताना ओळंबा खिशात.

ताईने नाकावर जुनी मऊ चादर पांघरली, कडांना कागदी टेप लावली. पट्टी कापली, शिकंज्यात धरून वाकवली, कानशीने कडा मारल्या, काळा रंग दिला. हे सगळं तिने जीव ओतून केलं. नाक इतकं खाली होतं की ड्रिल मशीन उभं धरायलाही मुश्कील, जरा हात घसरला की मशीनचं डोकं रंगाला लागणार. मास्तर शेजारी उकिडवे बसून श्वास रोखून बघत होते. ताईचं सगळं ध्यान त्या हिरव्या पत्र्यावर होतं.

भोक पाडण्याआधी पलीकडे हात घालून चाचपायचं, ही आप्पांची शिस्त. ताई तीच शिस्त शिकून मोठी झाली होती, आणि एरवी तिने ती कधी मोडली नव्हती. पण इथे पलीकडे हात घालायचा तर रेडिएटरपुढचं पत्र्याचं झाकण काढावं लागलं असतं. त्याचे स्क्रू नाकाच्या आतल्या कडेला, रंगाखाली गाडलेले. स्क्रू ड्रायव्हर लावला की रंगाचे टवके उडणार. म्हणून तिने बाजूने टॉर्च मारला. बार दिसला, धूळ दिसली, बाकी काही दिसलं नाही.

बाकावर आप्पा खाकरले. एकदाच. त्या खाकरण्याचा अर्थ ताईला तोंडपाठ होता: झाकण काढ, हात घाल. हाच विचार तिच्याही मनात नेमका त्या क्षणी चालला होता, अर्धाअधिक पटलाही होता. पण आता झाकण काढलं असतं तर ते आप्पांनी खाकरलं म्हणून काढल्यासारखं झालं असतं. तिने ड्रिलचं बटण दाबलं.

पहिलं भोक लोण्यातून गेल्यासारखं गेलं. दुसऱ्याला ड्रिल आरपार जाताना किंचित अडलं, जरासं हिसकलं आणि सुटलं. आतल्या पत्र्याची धार असेल असं तिला वाटलं, किंवा तिने वाटून घेतलं. बोल्ट बसले, प्लेट बसली. मास्तरांनी ओळंबा सोडला आणि दोरी प्लेटच्या कडेला अशी काटेकोर टेकली की त्यांना भरून आलं. चादर काढली. नाक होतं तसं होतं.

कार्यालय दुपारी बंद व्हायचं, तेव्हा मास्तरांना निघायची घाई. कोट त्यांनी सकाळीच खुंटीला अडकवला होता, तो तसाच राहिला. जाता जाता ते बाकापाशी थांबले आणि येतोस का म्हणून आप्पांना विचारलं. दोघांची दोस्ती जुनी; मास्तर ज्या वर्षी ती गाडी भंगारातून घेऊन आले त्या वर्षीची. आप्पांनी मान हलवून नको म्हटलं. त्यावर ताईच म्हणाली, जा ना आप्पा, तेवढीच हवा लागेल. तिच्या बोलण्यात काळजी कमी होती आणि बाक रिकामा व्हावा ही इच्छा जास्त. आप्पा उठले, गुडघे धरत त्या बसक्या गाडीत कसेबसे शिरले आणि गाडी दणदणत निघून गेली.

कित्येक दिवसांनी गॅरेज तिचं एकटीचं होतं. तिने शीळ घालत चादर घडी केली, टेपचे तुकडे गोळा केले, ड्रिल पुसायला घेतलं.

ड्रिलच्या टोकाच्या खाचेत लोखंडाचा कीस अडकला होता, करडा, चकचकीत. त्यातच एक बारीक गुंडाळी लालसर होती.

ताईची शीळ थांबली. तिने ती गुंडाळी नखाने सोडवून तळहातावर घेतली. त्या बारात लाल काही असायचं कारण नव्हतं. गंज असेल म्हणून तिने चोळून बघितली, तर ती आणखीच चमकली. तिने नट उचलायचं चुंबक आणलं आणि किसावर फिरवलं. करडा कीस टुणकन उडून चुंबकाला चिकटला. लाल गुंडाळी तळहातावरून हलली नाही.

तांबं होतं ते. आणि त्या गाडीत तांबं कुठे आहे, हे तिला पुरतं ठाऊक होतं. मागच्याच हिवाळ्यात मास्तरांनी ब्रेकच्या सगळ्या नळ्या स्वतःच्या हाताने नव्या घातल्या होत्या, तांब्याच्या, आणि आठवडाभर तेच एक सांगत फिरत होते. एक नळी या चाकापासून त्या चाकापर्यंत त्या आडव्या बारावरून जात असणार. वरच्या अंगाने. जिथे टॉर्च पोचला नव्हता.

ती जमिनीवर गुडघे टेकून बसली. गाडीचं नाक होतं तिथे फरशीवर दोन थेंब पडलेले होते. पाणी नव्हतं, इंजिनाचं तेलही नव्हतं. तिने बोट लावून चोळलं. पातळ, बुळबुळीत, ब्रेकचं तेल.

नळी आरपार कापली गेली असती तर अंगणातून बाहेर पडतानाच ब्रेक खाली गेला असता आणि मास्तर परत आले असते. तसं झालं नव्हतं, म्हणजे ती नुसती तासली गेली होती, थेंबथेंब झिरपत होती. हलक्या पायाला ती तग धरणार, आणि कोणी ब्रेकवर जोर दिला की फुटणार. गाडी जुन्या काळची, चारही चाकांच्या ब्रेकांना एकच तेल. एके ठिकाणी फुटलं की चारही गेले. घाट चढताना ब्रेक लागत नाही. खिंड ओलांडली की पुढे सगळा उतार आणि वळणावर वळण.

तिने मास्तरांना फोन लावला. फोन वाजला तो खुंटीवरच्या कोटात. आप्पांना लावायचा प्रश्नच नव्हता. ते फोन घरी देवापुढे ठेवल्यासारखा कपाटावर ठेवून यायचे.

खिंडीत एक पंक्चरवाला होता, त्याचं तिच्याकडे जाणं-येणं होतं. त्याने फोन उचलला. हिरवी गाडी अजून आली नाही म्हणाला. तिने सांगितलं, तिला थांबव, काहीही कर, रस्त्यात उभा राहून हात कर, पण पुढे जाऊ देऊ नकोस. तो बरं ताई म्हणाला. कशासाठी ते त्याने विचारलं नाही, आणि ब्रेकचं तिने सांगितलं नाही. तिला ते शब्द तोंडातून काढवेनात. एका गिऱ्हाइकाची मोटारसायकल तयार होऊन उभी होती. ती तिने काढली. गॅरेजचं दार उघडं टाकून आयुष्यात पहिल्यांदा निघाली.

चढावर तिला पुढचं काही दिसत नव्हतं. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता ते हिरवं बूड दिसेल. डोक्यात नाही नाही ते यायचं. आप्पा गाडीत शिरताना गुडघे कसे धरत होते ते यायचं. जा ना आप्पा हे आपलेच शब्द कानात वाजायचे, आणि ते कोणत्या सुरात म्हटले होते तोही सूर. दुसऱ्या कोणाची चूक असती तर तिला निदान शिव्या घालता आल्या असत्या. एका ट्रकमागे ती अडकली तेव्हा ती मोठ्याने रडायला लागली आणि रडत रडतच तिने चुकीच्या बाजूने त्याला मागे टाकलं.

खिंडीत पंक्चरवाला रस्त्याच्या कडेला उभाच होता, पण एकटा.

"केला की हात," तो म्हणाला. "दोन्ही हात केले. मास्तरांनी हॉर्न वाजवला. आप्पांनीपण हात केला."

ताईला समजायला एक क्षण लागला. त्या गाडीला सगळेच हात करायचे. शाळेतली पोरं, बसमधली माणसं, शेतातल्या बायका. ती जाईल तिथे लोक हात हलवत उभे राहायचे आणि मास्तर खुशीत हॉर्न द्यायचे. पंक्चरवाल्याने रस्त्यात नाचून दाखवलं असतं तरी त्यांना ते कौतुकच वाटलं असतं. गाडी किती लांब गेली असेल हे विचारायला ती थांबली नाही.

उतारावर पहिल्या वळणाला रस्ता कोरा होता. दुसऱ्या वळणाला कठड्याच्या दगडांवर तिची नजर आधी गेली. कुठे तुटलाय का, दगड ढासळलेत का. कठडा धड होता. ती पुढे गेली. तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी डांबरावर ओरखडे होते, आणि ते दरीकडे जात नव्हते, डोंगराकडे जात होते.

गाडी डोंगराच्या अंगाच्या चरात होती. नाक मातीच्या भिंतीत घुसलेलं. दिवा फुटलेला, हिरवा पत्रा घडी पडल्यासारखा मागे आलेला. ती मास्तरांनी आयुष्यभर जपलेली वस्तू होती आणि त्या क्षणी ताईने तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. आप्पा मैलाच्या दगडावर बसले होते. कपाळावर रुमाल दाबलेला, रुमाल लाल झालेला, डावा हात छातीशी धरलेला. पण बसले होते. डोळे उघडे होते. मोटारसायकल उभी करायचं भानही तिला राहिलं नाही. ती आडवी पडली आणि ही धावत सुटली.

"काही नाही गं," आप्पा म्हणाले. "मनगट असेल."

ती त्यांच्यापुढे खाली बसली. त्यांच्या गुडघ्यांना तिने मिठी मारली, घट्ट, आणि बराच वेळ सोडली नाही. लहानपणी तिला असं करायची सवय नव्हती, आणि आप्पांना करून घ्यायची नव्हती. ते अवघडून बसून राहिले.

झालं होतं ते असं. पहिल्या वळणाला ब्रेक नेहमीसारखा लागला, दुसऱ्याला मऊ लागला आणि तिसऱ्याच्या आधी पाय थेट तळाला गेला. मास्तरांनी गिअर खाली ओढला, हँडब्रेक ओढला, तरी वेग आवरेना. डोंगराला गाडी घासायची एवढाच मार्ग उरला होता, आणि मास्तरांचे हात ते करायला धजेनात. जन्मभर ज्या नाकाला ओरखडा येऊ दिला नाही ते मातीत घालायचं, एवढ्या एका विचारापाशी त्यांचे हात गोठले. आप्पांनी शेजारून स्टिअरिंगचं चाक धरलं आणि ओढलं. त्यातच त्यांचं मनगट गेलं.

मास्तर गाडीजवळ चरात उभे होते. त्यांना खरचटलंही नव्हतं, पण ते थरथरत होते आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होते. नळ्या आपणच घातल्या. जोड आपणच आवळले. कोणा जाणकाराला दाखवल्या नाहीत, घमेंड नडली. एखादा जोड सुटला असणार. ताई जवळ आली तसे त्यांनी तिच्यापुढे हात जोडले.

"तुझ्या बापाला मारलं असतं मी आज," ते म्हणाले.

ताई खिशातला टॉर्च काढून चरात उतरली, आडवी झाली आणि गाडीखाली शिरली. रेडिएटरपुढचं झाकण टकरीने उडून गेलं होतं, त्यामुळे आता सगळं लख्ख दिसत होतं. बार, त्यावरून जाणारी तांब्याची नळी, आणि दुसऱ्या बोल्टच्या नेमकी वर तिच्यावर पडलेली चकचकीत खाच, मधोमध फाटलेली. अवतीभवतीचा पत्रा इतका चुरगळला होता की ही नळी टकरीतच फाटली असं कोणीही म्हणालं असतं. मास्तरांना तर गुन्हेगार आधीच सापडला होता. तिने गप्प राहायचं, की झालं. खोटंसुद्धा बोलावं लागणार नव्हतं. उद्या गॅरेज उघडलं असतं, गिऱ्हाइकं आली असती, ताईने आप्पांना न दाखवता केलेल्या पहिल्या मोठ्या कामाबद्दल कोणाला काही कळलं नसतं. ती तिथे पडून राहिली. मास्तरांचे बूट तिला दिसत होते, ते अजून थरथरत होते. त्या बुटांकडे बघवेना म्हणून ती बाहेर आली.

"मास्तर, जोड सुटला नाही," ती म्हणाली. "नळी मी कापली. भोक पाडताना ड्रिल लागलं. पलीकडे बघितलं नव्हतं मी."

मास्तरांना ते डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरलं तेव्हा ते ओरडले नाहीत. चेहरा फक्त दगडासारखा झाला. एकदा गाडीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग ते आप्पांकडे वळले.

"तू होतास ना तिथे? मग तू का नाही बघितलंस?"

ताईच्या ओळखीचा प्रश्न होता तो. जन्मभर तिने तो ऐकला होता, आणि आज पहिल्यांदा तो विचारणाऱ्याचं बरोबर होतं. तिने मान खाली घातली.

आप्पांनी रुमालाची घडी उलटी केली आणि कोरी बाजू कपाळाला लावली.

"गरज वाटली नाही," ते म्हणाले. "तिचं काम होतं. तिच्या कामाला मी हात लावत नाही."

अगदी सहज म्हणाले. कोणी तिसऱ्याने ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, या माणसाने लेकीच्या हातावर डोळे मिटून विश्वास टाकला होता. हे वाक्य गिऱ्हाइकांसमोर एकदा तरी त्यांच्या तोंडून निघावं म्हणून ताईने वर्षं घालवली होती. आणि आज, तिच्या चुकीने डोकं फुटलेलं असताना, रस्त्याच्या कडेला बसून ते तिला ते देत होते. कामाबद्दल हा माणूस कधी खोटं बोलल्याचं तिने पाहिलं नव्हतं. घेऊन टाकावं असं तिला फार वाटलं.

"खोटं आहे," ती म्हणाली. "बघायचं होतं त्यांना. खाकरलेसुद्धा. मीच त्यांना हात लावायला बंदी केली होती, आणि ते खाकरले म्हणून मी मुद्दाम बघितलं नाही."

आप्पांनी तिच्याकडे असं बघितलं की रागावले की काय हे तिला कळेना. मास्तर खाली मातीत बसले आणि त्यांनी तोंड ओंजळीत लपवलं. वरून एक बस आली. तिच्या खिडक्यांतून चार-दोन पोरांनी सवयीने हात बाहेर काढले, आणि गाडीची अवस्था बघून ते हळूच आत घेतले. बस गेल्यावर आप्पांनी धड असलेला हात पुढे केला, आणि ताईने तो धरून त्यांना उभं केलं.